पहिला गुंठा

घेणारा : नाना, 34 वर्षं तुम्ही परंड्याला लोकांचे दस्त लिहिलेत. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोड, काही म्हणून सोडलं नाहीत. आणि स्वतःच्या नावावर एक गुंठा घेतला नाहीत. राग मानू नका, पण जमिनीतलं तुमच्याइतकं कळणारा माणूस आपल्या भावकीत नाही आणि जमिनीतून काहीच न मिळवलेलाही तुमच्याइतका दुसरा नाही. मला तसं व्हायचं नाही. चाकणला पाच वर्षं कंपनीत काढून 8 लाख साठवलेत. तेवढ्यात तिकडं फ्लॅटचं डाऊन पेमेंट होतं आणि पुढं वीस वर्षं हप्ते. इकडं सोनारीच्या रस्त्याला 10 गुंठे मिळतायत, गुंठा 60 हजारांनं. वरखर्च धरला तरी सात लाखांच्या आत बसतं. यातनं मी लगेच गब्बर होणार नाही हे मलाही कळतं. मला अनुभव हवाय. पहिला व्यवहार छोटा, गावाजवळचा, ओळखीतला. चुकलो तर सात लाखांत चुकेन. पन्नाशीत सत्तर लाखांत चुकण्यापेक्षा आत्ता चुकलेलं बरं.

लिहिणारा : व्यवहार छोटा म्हणून चूकही छोटी, असं तू धरून चाललायस. शेअरमध्ये ते खरं असेल. शेअर बुडाला की बुडाला, मागनं समन्स घेऊन दारात येत नाही. जमीन येते. 10 गुंठ्यांचा दावा असो नाहीतर 10 एकरांचा, तारीख दोघांना सारखीच पडते. परंड्याचं कोर्ट, मग धाराशिव, मग संभाजीनगरचं खंडपीठ. 10 एकरवाला निदान त्या रानाच्या उत्पन्नावर वकील पोसतो, 10 गुंठेवाला पगारावर. म्हणून नवख्यानं छोट्या तुकड्यापासून सुरुवात करावी हा सल्ला मला उलटा वाटतो. तुकडा जितका छोटा, तितकं त्याच्यामागचं घर जास्त वाटलेलं. चार पिढ्यांत 20 एकरांचे 10 गुंठे होतात तेव्हा प्रत्येक वाटणीगणिक एखादा रुसलेला माणूस मागं राहतो.

घेणारा : डॉक्टरला सगळं गाव आजारीच दिसतं, तसं झालंय तुमचं.

लिहिणारा : डॉक्टरकडं आजारी येतात. माझ्याकडं धडधाकटही यायचे, दस्त झाला की पेढे द्यायचे. दहातल्या आठांचं पुढं काही वाकडं झालं नाही, हे मी नाकारत नाही. पण आठ कुठले आणि दोन कुठले, हे पेढे खाताना कधी ओळखता आलं नाही. सातबारा काढलायस?

घेणारा : मोबाइलवर आहे. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढला. क्षेत्र 80 आर, म्हणजे दोन एकर, त्यातले 10 गुंठे विकणारा देणार. भोगवटादार वर्ग 1. इतर अधिकारात सोसायटीचा बोजा होता, तो कमी झाल्याचा फेरफार आहे. विहीर सामाईक. वर्ग 1 म्हणजे विकायला सरकारची परवानगी नको, इतपत मीही शिकलोय.

लिहिणारा : वाचलास, पण बातमी वाचावी तसा. सातबाऱ्यावर आधी कमी केलेली नावं वाचायची, मग उरलेली. उरलेल्या नावाच्या पुढं बारीक अक्षरांत काय आहे?

घेणारा : ए.कु.मॅ.

लिहिणारा : एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन घराची. अ.पा.क. असतं तर अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मालक पोर आणि सही दुसऱ्याची. तीन-तीन अक्षरांत एकेक कज्जा दुमडून ठेवलाय. या ए.कु.मॅ.च्या मागं कोण कोण उभं आहे ते सातबारा सांगत नाही, जुने फेरफार सांगतात. बाप कधी गेला, वारस नोंद कधी झाली, तिच्यात नावं किती होती, त्यातली किती गेली आणि कशानं गेली. बहिणी किती त्याला?

घेणारा : एकच. करमाळ्याकडं दिलीय. तो म्हणाला, तिचं काही म्हणणं नाही, लग्नात सगळं दिलंय तिला.

लिहिणारा : ‘लग्नात दिलंय’ याचा दस्त मी आजवर लिहिलेला नाही आणि कुणी लिहिलेला पाहिलाही नाही. महाराष्ट्रानं 1994 सालीच, तोवर लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. देशभर तो 2005 ला आला. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं येतो, 2005 साली बाप हयात असो की नसो. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर तिचं म्हणणं आहेच. आज ती बोलत नाही, इतकंच.

घेणारा : मग दस्तात तिला मान्यता देणार म्हणून घेऊ. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेऊ, पेपरात जाहीर नोटीस देऊ. तुम्ही काढलेल्या प्रत्येक शंकेला उपाय आहे, नाना. आणि माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. पाच मिनिटांपूर्वी मला ए.कु.मॅ. माहीत नव्हतं. यूट्यूबवर मी दोनएकशे व्हिडिओ बघितले असतील, एकात नव्हतं. लहानपणापासून तुमच्या ओसरीवर खेळलो, तुम्हीही कधी सांगितलं नाही. का सांगाल? मी तरी कशाला ऐकलं असतं? आज माझे पैसे लागणार आहेत म्हणून कान टवकारले. बाजारात उभं राहून दुसऱ्याचे बैल बघणाऱ्याला दात मोजायची बुद्धी होत नाही. खिशातनं नोटा काढायची वेळ आली की तो बैलाचं तोंड उघडतो.

लिहिणारा : हे बरोबर बोललास. यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण त्या व्हिडिओंचं विचारतो. शेतजमीन कोण घेऊ शकतं, याचं कलम कुठलं सांगतात?

घेणारा : 63. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. माझा प्रश्न नाही, वडिलांचा 8अ आहे.

लिहिणारा : कलम 63 हे 1948 च्या मुंबई कुळकायद्यातलं. ते बार्शीला लागू. आपण निजामाच्या मुलखातले. आपल्याला हैदराबादचा 1950 चा कुळकायदा, त्यात ती अट कलम 47 ला आहे. परंड्याहून बार्शीला एसटीनं तासभरही लागत नाही, तेवढ्यात कायद्याचं पुस्तक बदलतं. तुला वाटेल, कलमाचा नंबर बदलला, अट तर तीच. नंबराबरोबर मागचा सगळा इतिहास बदलतो. इथं संरक्षित कुळं आहेत, 38-ई खाली मालक झालेली. मदतमाश आहे, खिदमतमाश आहे, देवस्थान इनाम आहे. वर्ग 2 चा निम्मा गुंता तिथनं येतो, आणि पुण्यात बसून प्लॉटिंग शिकवणाऱ्याला हे शब्दही ठाऊक नसतात. याच परंड्याच्या किल्ल्यात मलिक अंबरानं 1600 च्या सुमारास पडलेली निजामशाही पुन्हा उभी केली, आणि त्याच्या जमीनधाऱ्याच्या पद्धतीचं कौतुक तू शाळेत पाठ केलंस. तेव्हापासून इथं मोजणारे बदलत आलेत. प्रत्येक मोजणाऱ्यानं एक थर ठेवला. तू म्हणतोस अनुभव मिळवतो. कुठला? इथं मिळवलेला अनुभव शिवेपलीकडं निम्मा निकामी होतो.

घेणारा : निम्मा उरतो ना? माझ्याकडं तेवढाही नाही. बरं, सरळ विचारतो. 10 गुंठ्यांचा दस्त होईल का? एजंट म्हणतो, होईल.

लिहिणारा : ऑगस्ट 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. त्याच्या आतला तो तुकडा. तुझा गट कशात मोडतो?

घेणारा : जिरायत आहे. पण विहीर सामाईक आहे, म्हणून एजंट म्हणतो यंदा ई-पीक पाहणीत ऊस दाखवू, बागायत म्हणून 10 गुंठे बसवू. आणि तुकडेबंदी सैल होतेच आहे की. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं.

लिहिणारा : ते आधी पडून बसलेल्या तुकड्यांना मार्गी लावण्यासाठी होतं. उद्या नवा तुकडा पाडायचं ते निमंत्रण नाही. आणि उसाचं म्हणशील तर, जमीन घ्यायच्या आधीच तू खोटं पीक घेणार आहेस. कागद खरा करण्यासाठी शेत खोटं करायचं! पैसे कसे द्यायचे म्हणाला?

घेणारा : निम्मे चेकनं, निम्मे रोख. दस्तात रेडी रेकनरच्या आसपासचा आकडा लिहायचा. मुद्रांक शुल्क कमी बसतं.

लिहिणारा : जमिनीच्या सौद्यात 20 हजारांपासून पुढं रोख घेणं आयकरात बसत नाही, ते राहू दे. तुझा-त्याचा प्रश्न आहे. गावाचा प्रश्न वेगळा. उद्या रस्त्याला जमीन गेली की भाव कसा काढतात? 2013 च्या कायद्यात मागच्या तीन वर्षांचे आसपासचे दस्त घेतात, त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात. म्हणजे ज्या गावानं तीन वर्षं दस्तात निम्मा भाव लिहिला, त्या गावानं आपलाच मोबदला निम्मा करून ठेवला. मग तीच माणसं तहसीलवर मोर्चा नेतात की सरकार कमी भाव देतं. मी ते आकडे माझ्या हातानं लिहिलेत. ज्यानं सांगितला तो आकडा लिहायचा, हे माझं काम होतं. पण आता मोर्चाचा फोटो बघितला की माझंच अक्षर आठवतं.

घेणारा : रस्त्याचं तुम्हीच काढलंत म्हणून. मी आंधळेपणानं इथं आलेलो नाही. सुरत-चेन्नई ग्रीनफिल्ड महामार्ग नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर करत अक्कलकोटकडं जायचाय, त्याच्या आखणीत आपला तालुका आहे. तिकडं सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे मंजूर झालीय. सोनारीला साखर कारखाना उभा आहे, भैरवनाथाची चैत्रातली यात्रा आहे. बार्शी कशानं मोठी झाली? 1897 ला बार्शी लाइट रेल्वे आली म्हणून. रेल्वे यायच्या आधी तिथं ज्यानं दोन एकर धरले, त्याच्या नातवंडांना विचारा. इतिहास आधी घेणाऱ्याच्या बाजूनं असतो.

लिहिणारा : इतिहास जो उरला त्याच्या बाजूनं असतो. 1897 ला बार्शीच्या दुसऱ्या वेशीला ज्यानं दोन एकर धरले, त्याच्या नातवंडांना कुणी विचारत नाही. आणि रेल्वे आणि हा महामार्ग यांत एक फरक आहे, तो बघ. रेल्वेला स्टेशन असतं, तिथं माणूस उतरतो, चहा पितो, दुकान निघतं. जुना डांबरी रस्ता गावातनं जातो, त्याच्या कडेला पंक्चरवाला तरी बसतो. ग्रीनफिल्ड महामार्ग प्रवेश-नियंत्रित असतो. समृद्धी बघ, 701 किलोमीटर, पण चढायला-उतरायला जागा मोजक्या. उतरण्याच्या जागी भाव येतो. मधल्या गावांच्या वाट्याला भराव येतो, शेताचे दोन भाग होतात आणि पलीकडच्या रानात जायला पाच किलोमीटरचा वळसा. गाड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. आणि जमीन गेली तर चौपट मिळेल ही आशा असेल, तर 2021 मध्ये राज्यानं राष्ट्रीय महामार्गासाठी ग्रामीण भागाचा गुणक 2 वरून 1 वर आणला.

घेणारा : म्हणजे इंटरचेंज कुठं पडतो ते बघून घ्यायचं. हीही माहितीच झाली की.

लिहिणारा : ते तुला कळेपर्यंत तिथले सातबारे तीनदा फिरलेले असतात. बरं, हिशोब सांग. सात लाख बँकेत ठेवलेस, सात टक्क्यांनी, तर दहा वर्षांत दुप्पट. या 10 गुंठ्यांना दहा वर्षांनी गुंठ्याला 1 लाख 40 हजार हातात पडले तर तू बँकेच्या बरोबरीला आलास. हातात म्हणतोय, तोंडात नव्हे. आपल्याकडं जमिनीचा भाव पारावर सांगतात तो वेगळा आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं तो वेगळा. मधल्या दहा वर्षांत 10 गुंठ्यांत ज्वारी केलीस तर पोतं-दोन पोती. तू चाकणला. करणार कोण?

घेणारा : शेजाऱ्यालाच वाट्यानं देईन.

लिहिणारा : आणि तो पहिल्या वर्षी बांध कोरेल. सोप्पं आहे. नांगर एक तास आत घ्यायचा. दरवर्षी एकच तास. पाच वर्षांनी तू येशील तेव्हा तुझे 10 चे पावणेनऊ झालेले असतील आणि तो म्हणेल, पहिल्यापासून असंच आहे. ताबा म्हणजे काय ते सोनारीच्या माकडांना विचार. कागद नाही, फेरफार नाही, पण देवळाच्या आवारात कुणाची हिंमत आहे त्यांना उठवायची? तिकडं उपळ्याला तर 32 एकर रान माकडांच्या नावावर असल्याचं 2022 मध्ये पेपरात आलं होतं. मी तेव्हा हसलो होतो, की खरेदी झाली तर अ.पा.क. कोण लागेल. पण विचार केला तर पटतं. नाव कागदावर असलं आणि माणूस जाग्यावर नसला, तर त्या कागदाची किंमत माकडाच्या सातबाऱ्याइतकीच.

घेणारा : नाना, तुम्ही मला हसवून विषय बदलता. मी मघाशी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत. 34 वर्षांत तुम्ही का घेतली नाहीत?

लिहिणारा : घेणार होतो. 1997 साल. बार्शी रस्त्याला एक एकर, 42 हजारांत. मी तेवढे जमवले होते, तुझ्या काकूच्या पाटल्या धरून. दस्त मीच लिहायला बसलो. फेरफार बघताना असाच एक ए.कु.मॅ. निघाला. मागं दोन भाऊ, एक परागंदा, त्याची सही नव्हती. माझं शिक्षण मला सांगत होतं, नको. मी लेखणी खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तीच जमीन घेतली, आणि तो दस्तही मीच लिहिला. आज तिथं मंगल कार्यालय आहे. परागंदा भाऊ आला नाही, त्याची पोरं आली नाहीत, कुणी दावा टाकला नाही. माझी शंका कायद्यानं बरोबर होती. अजूनही बरोबर आहे. आणि तरी काही झालं नाही.

घेणारा : मग?

लिहिणारा : मग काय. बराच काळ मला वाटायचं, मी भित्रा निघालो. आता वाटतं, त्या माणसाला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. त्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याच्या पाठीला चार भाऊ होते, सोसायटीत चुलता होता, बैलजोडी त्या रानात दुसऱ्याच दिवशी उभी राहणार होती. परागंदा भाऊ परत आला असता तरी त्याच्याशी भांडायची त्याची ऐपत नव्हती, हे त्यानं ओळखलं होतं. मी कागदाची जोखीम मोजली, त्यानं माणसांची. तू मला सांग, तुझ्या पाठीला कोण आहे? चाकणचा एचआर?

घेणारा : तुम्ही आहात.

लिहिणारा : मी 68 चा आहे.

घेणारा : बरं, मग तुमचा सल्ला काय? न घेता अनुभव कसा घ्यायचा ते तरी सांगा.

लिहिणारा : मोजणीला जाऊन उभा राहा. दुसऱ्याच्या मोजणीला. भूमी अभिलेखचा भूकरमापक येतो, हल्ली रोव्हर घेऊन येतो, पूर्वी साखळी असायची. चारी बाजूंच्या लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असते. कागदावर चतुःसीमा चार ओळींची. रानात त्या चार ओळी चार माणसं होऊन बांधावर उभ्या राहतात. एकदा एक म्हातारा म्हणाला, हद्दीचा दगड बाभळीखाली होता. बाभूळ कुठाय? दुष्काळात तोडली. कोणत्या? त्यानं बहात्तरचा सांगितला, शेजाऱ्यानं 2012 चा. दोघं तासभर बाभळीवर भांडले. मशीन काय ते सांगून मोकळं झालं, खुणा रोवल्या, क-प्रत निघाली. म्हातारा सही करेना. त्या दुपारी जेवढं कळतं तेवढं पाच दस्तांत कळत नाही. निबंधक कार्यालयाच्या बाकावर आठवडाभर बस. कोण दस्त करून हसत बाहेर येतं आणि कोण फेटा सारखा करत खाली बघत येतं, ते बघ. वारस नोंदीच्या तक्रारीची सुनावणी ऐक. एक पैसा लागत नाही.

घेणारा : आणि मग? तुम्ही 34 वर्षं त्याच बाकाच्या समोर बसलात. सगळ्या दुपारी बघितल्यात, सगळे फेटे बघितलेत. आणि 1997 ला लेखणी खाली ठेवलीत. नुसतं बघून शहाणपण येत असेल, नाना, पण ते एकाच दिशेनं येतं. नाही म्हणायचं शहाणपण. हो म्हणायचं कुठून येतं? तुमच्या शाळेत पहिला आलेला मुलगा शेवटी काहीच घेत नाही, मग त्या शाळेचा उपयोग काय? मला शंभरातल्या नव्वद जमिनींना नाही म्हणायचंय, कबूल. पण उरलेल्या दहांपैकी एकीला हो म्हणताना हात कापतो तो कसा आवरायचा, हे मोजणीला उभं राहून कळणार नाही. ते फक्त सही करताना कळतं.

(इतका वेळ दोघं बोलतायत आणि तिसरा माणूस कुठंच नाही, हे लिहिताना माझ्याही उशिरा लक्षात आलं. जमिनीवरच्या आपल्या बहुतेक गप्पांत विकणारा असाच गैरहजर असतो. त्याचं नाव सातबाऱ्यावर येतं, त्याचं ‘का’ येत नाही. गुंतवणुकीचे धडे देणारेही ‘गरजू विक्रेता शोधा’ एवढं सांगून पुढं जातात, जणू गरज ही त्या जमिनीचीच एखादी सोय आहे, रस्त्यालगत असल्यासारखी.)

लिहिणारा : तो का विकतोय, विचारलंस?

घेणारा : मुलीचं लग्न आहे, मार्गशीर्षात. आणि सोसायटीचा बोजा भरायला बाहेरून पैसे उचलले होते, ते फेडायचेत. म्हणून तर भाव उतरलाय. बाजारभाव 75 च्या खाली नाही.

लिहिणारा : म्हणजे गुंठ्यामागं 15 हजार, 10 गुंठ्यांचे दीड लाख, ही तुझ्या अनुभवाची फी. भरतोय तो.

घेणारा : मी नाही घेतली तर तो विकायचा थांबणार आहे? त्याला पैसे मार्गशीर्षाआधी हवेत. दुसरा कुणी 50 नं मागेल आणि तो देईल. तुम्ही दुष्काळातले दस्त लिहिलेत. 2012-13, 2015-16. तेव्हा घेणारे थांबले असते तर विकणाऱ्यांचं भलं झालं असतं का?

लिहिणारा : नाही. तेव्हा घेणारा देवासारखा वाटायचा, हे मी बघितलंय. त्यालाच दोन वर्षांनी शिव्या घालतानाही बघितलंय. दोन्ही वेळा माणूस खरंच बोलत होता. दुष्काळात आमच्याकडं गर्दी वाढायची, आमची कमाई वाढायची. त्या पैशावर तुझ्या चुलतभावाचं डिप्लोमाचं शिक्षण झालं. म्हणून मी तुला नीती शिकवत नाही. एवढंच म्हणतो की तू ज्याला पहिला अनुभव म्हणतोस, तो त्याचा शेवटचा असू शकतो. त्या दोन एकरांतले 10 गुंठे रस्त्याकडचे आहेत ना?

घेणारा : हो. रस्त्याकडचेच. नाहीतर मी कशाला घेईन?

लिहिणारा : मग मागच्या रानाला वाट कुठनं?

घेणारा : …बांधावरनं असेल.

लिहिणारा : दस्तात लिहिणार आहेस? किती फुटांची, कुठल्या बाजूनं, बैलगाडीची की ट्रॅक्टरची? नाही लिहिलीस तर आज त्याचं चालेल, कारण तो तुझ्या ओळखीचा आहे. त्याच्या पोराचं चालणार नाही. मग तो वाटेसाठी तहसीलदाराकडं अर्ज करेल आणि त्या अर्जात तुझं नाव अडवणूक करणारा म्हणून येईल. तू चाकणला झोपलेला असताना तू गावात कुणाची तरी वाट अडवत असशील.

घेणारा : 10 फुटांची वाट सोडली तर माझे 10 गुंठे साडेआठ-नऊ होतील.

लिहिणारा : होतील.

घेणारा : त्याचेही पैसे मीच दिलेले असतील.

लिहिणारा : असतील.

घेणारा : नाना, तुम्ही मला घेऊ नको असंही म्हणत नाही आणि घेही म्हणत नाही. आल्यापासून दोन तास झाले, प्रत्येक ओळीला एक नवा माणूस उभा करताय. आधी बहीण, मग शेजारी, मग मागच्या रानात जाणारं पोर. असं प्रत्येकाला विचारत बसलं तर या जिल्ह्यात एकही सौदा होणार नाही.

लिहिणारा : होतात की. रोज होतात. न विचारता होतात.

घेणारा : आणि त्यातले आठ बरे निघतात, तुम्हीच म्हणालात.

लिहिणारा : म्हणालो.

घेणारा : उद्या अकरा वाजता तो इसाराला येतोय. 51 हजार द्यायचे ठरलेत, एजंट नोटरी करून आणणार आहे. परत पाठवला तर तो दुसऱ्याकडं जाईल, थांबणार नाही. तुम्ही उद्या साक्षीदार म्हणून सही कराल का?

लिहिणारा : बहीण कुठं दिलीय म्हणालास?

घेणारा : करमाळ्याकडं.

लिहिणारा : सकाळची एसटी साडेसहाला मिळेल.

घेणारा : म्हणजे अकरापर्यंत परत यायचं जमायचं नाही.

लिहिणारा : तसं मी काही म्हणालो नाही.